काजूचं चीज भिजवणीतच बिघडतं

दुधाचं चीज खाल्लं की डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, म्हणून काहीजण काजू-दाण्यांच्या चीजकडे वळतात. पण हा त्रास बऱ्याचदा चीजमधल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाने होतो, आणि हिस्टामिन दुधाचं नाही, जिवाणूंचं काम आहे. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून ते बनतं. हिस्टिडिन काजूत आहे, शेंगदाण्यात त्याहून जास्त.

खोबरेल तेल आणि स्टार्चच्या विकतच्या चीजमध्ये प्रथिनं नावालाच असतात, त्यामुळे तिथे धोका कमी. काळजी घ्यायची ती घरी आंबवलेल्या चीजची.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत रात्रभर ओट्यावर भिजलेल्या काजूंत नको ते जिवाणू सकाळपर्यंत भरपूर वाढतात, आणि त्यांतले काही हिस्टामिन करतात. नंतर कितीही उकळा, जिवाणू मरतात, हिस्टामिन मात्र तसंच राहतं. वासावरून-चवीवरून ते ओळखू येईलच असं नाही.

म्हणून २०० ग्रॅम काजूंवर उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकावं, ते पाणी फेकून लगेच वाटावं. दाणे असतील तर सोलून २० मिनिटं उकळावेत. वाटायला उकळून गार केलेलं १०० मिली पाणी घ्यावं. मिश्रण कोमट झालं की पाकिटातलं लॅक्टिक जिवाणूंचं विरजण आणि अर्धा चमचा ग्लुकोज घालावं, कारण दुधातली साखर इथे नसते. मागच्या चीजचा चमचाभर विरजणाला वापरणं ही सर्वात वाईट सवय: त्यातून कोणते जिवाणू आले हे कळतच नाही.

विरजणाला २५-३० अंश मानवतात. आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा भांडं परातीतल्या पाण्यात ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळावं. माठासारखंच ते गार राहतं. आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्टीवर आकडा ४.६ च्या खाली लवकर यायला हवा. २४ तासांत आला नाही तर सरळ टाकून द्यावं. आला की ४ ग्रॅम मीठ घालून फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार-पाच दिवसांत संपवावं. आठवडेच्या आठवडे मुरवू नये. मुरताना प्रथिनं तुटून सुटं हिस्टिडिन वाढतं.

आतड्यातलं डीएओ एन्झाइम हिस्टामिन मोडतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड आणि दारू त्याला अडवतात, त्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे चीज टाळावं. आणि ओठ-घसा सुजला, दम लागला, तर हिस्टामिनच असेल म्हणून थांबू नये. ती काजूची किंवा दाण्याची ॲलर्जी असू शकते. तडक दवाखाना गाठावा.