पाण्याशी दांडगाई चालत नाही

पोहण्याच्या तलावाच्या काठावर दहा मिनिटं नुसतं बसून पाहा. एका लेनमध्ये एक धडधाकट माणूस पाणी उसळवत चाललेला असतो. २५ मीटरला चोवीस-पंचवीस हात मारतो आणि टोकाला पोचला की भिंत धरून धापा टाकतो. शेजारच्या लेनमध्ये त्याच्याहून वयानं मोठं कुणीतरी सोळा हातांत तेच अंतर कापतं, फारसा आवाज न करता, आणि आधी पोचतं. दंड आणि छाती पाहिली तर पहिलाच सरस, पण पाण्याला त्याचं काही नसतं.

मी स्वतः दोन वर्षं त्या पहिल्या लेनमध्ये होतो. रोज तेवढ्याच फेऱ्या, तोच वेग, आणि दर महिन्याला ‘आता आणखी जोर लावायचा’ असा निश्चय. जोर लावून फार काही का होत नव्हतं, ते पाण्याच्या हिशेबात आहे.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं. त्यातून पुढे सरकताना होणारा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. समजा, १०० मीटरला तुम्हाला दोन मिनिटं लागतात आणि ती १ मिनिट ४९ सेकंदांवर आणायची आहेत. वेग फक्त १० टक्के वाढला, पण शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागली. धावणाऱ्याला हवा एवढी आडवी येत नाही, त्यामुळे तो दम वाढवत पुढे जाऊ शकतो. पोहणाऱ्याला आधी विरोध कमी करावा लागतो. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. पोहणाऱ्यांचे स्नायू त्या वर्षी अचानक बळकट झाले नव्हते. अंगावर पॉलियुरेथेनचे गुळगुळीत, शरीर आवळून धरणारे आणि थोडं तरंगवणारे पोशाख होते. २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली.

आपल्याला पोशाखाविनाच भागवायचं आहे. फुप्फुसांत हवा असल्यामुळे छाती तरंगते, कंबर आणि पाय मात्र खाली जाऊ पाहतात. त्यात श्वासासाठी डोकं वर उचललं की पाय आणखी बुडतात आणि शरीर तिरक्या फळीसारखं पाण्याला आडवं लागतं. बरेच जण मग पाय वर ठेवायला जोरजोरात किक मारतात. मांड्यांचे स्नायू मोठे, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो आणि त्या मानानं ते पुढे फारसं ढकलत नाहीत. लांब पल्ल्याचे कित्येक पोहणारे हातांच्या एका आवर्तनाला जेमतेम दोन किक मारतात, ते याच काटकसरीपोटी.

हाताचं काम समजून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. दोन फेऱ्या मुठी मिटून पोहायचं. पहिल्या फेरीत हात पाण्यातून नुसताच निसटतो, चक्क नवशिक्या झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या फेरीत कोपर आपोआप वर राहायला लागतं, कारण आता पाणी पकडायला मनगट ते कोपर एवढाच भाग उरलेला असतो. मग तिसऱ्या फेरीत मूठ उघडली की तळव्याचं वल्हं झाल्यासारखं वाटतं. खरं वल्हं तळव्यापासून कोपरापर्यंतचं असतं, ही गोष्ट मला तीन प्रशिक्षकांनी तोंडानं सांगून पटली नव्हती.

विरोध थोडा आटोक्यात आला की मग दमाकडे वळायचं. इथे एका वेगानं चाळीस फेऱ्या मारण्यापेक्षा अंतराचे तुकडे करून मध्ये मोजकी विश्रांती घेणं जास्त उपयोगी पडतं. ही इंटरव्हल पद्धत धावण्याच्या मैदानावर रुजली आणि तलावात आली. अमेरिकेतले प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी पाण्याखालून चित्रीकरण करून पोहण्याचं शास्त्र उलगडलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. १९७९ मध्ये, ५८ व्या वर्षी, ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले.

तुकडे किती वेगानं पोहायचे, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. एकदा ४०० मीटर आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर, दोन्ही जीव तोडून पोहायचं. समजा ४०० ला ८ मिनिटं लागली आणि २०० ला ३ मिनिटं ४८ सेकंद. फरक २५२ सेकंदांचा, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ६ सेकंद. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. लॅक्टेट म्हणजे मेहनत करताना स्नायूंत तयार होणारं एक द्रव्य; तयार होणारं लॅक्टेट आणि वापरलं जाणारं लॅक्टेट यांचा मेळ बसतो तो वेग साधारण याच्या आसपास असतो. याच्या बराच वर गेलात की काही मिनिटांत हात जड होतात. मग १०० मीटरचे दहा तुकडे २:०६ नं, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबून. पहिले तीन इतके सोपे वाटतात की हात शिवशिवतात. तेव्हा वेग वाढवणाऱ्याचं आठव्या तुकड्यात काय होतं, ते मी अनुभवलेलं आहे.

नाडीच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. पाण्यात शरीर आडवं असतं, पाण्याचा दाब हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. तेवढ्याच मेहनतीला नाडी धावण्यापेक्षा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमी दिसते. धावण्यासाठी ठरवलेल्या नाडीच्या मर्यादा पोहताना तशाच लावल्या, तर नाहक जास्त ताणून घेतलं जातं.

श्वासाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथली चूक जिवावर बेतते. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. पाण्याखाली लांब जाण्याआधी कुणी भराभर खोल श्वास घेतले, तर ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवल्यासारखं. ऑक्सिजन संपत येतो, गुदमरल्यासारखं वाटत नाही आणि माणूस थेट शुद्ध हरपतो. कमरेएवढ्या पाण्यातही हे घडतं आणि उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीत घडतं. दर पाच-सात हातांनी श्वास घेण्याचा सराव पाण्यावर, कुणाच्या देखत करावा. पाण्याखाली श्वास कोंडायच्या पैजा कधीच लावू नयेत.

आता खांदे. २ किलोमीटर पोहायला, २५ मीटरला वीस हात धरले तर, १६०० हात मारावे लागतात. एकेका खांद्याच्या वाट्याला ८००, एका दिवसात. हातात मोठे पॅडल, म्हणजे तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या, चढवले की त्यातल्या प्रत्येक हातावरचा भार वाढतो. खांदा दुखायला लागला की पॅडल आधी काढायचे. खांद्यामागचे छोटे स्नायू रबरी पट्ट्यांनी बळकट करायचे ते जमिनीवर. पाणी वजन पेलून धरतं, म्हणून सांधे सुखावतात. पण त्याच कारणानं हाडांना घट्ट व्हायला लागणारा भार मिळत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं पोहणाऱ्याला म्हणूनच लागतं.

सहा-आठ आठवड्यांनी ४०० आणि २०० ची चाचणी पुन्हा करायची, पण त्याआधीच्या आठवड्यात अंतर जवळपास निम्म्यावर आणून आणि वेग तोच ठेवून. हा आठवडा सरावलेल्या माणसाला फार अवघड जातो, हात रिकामे राहिल्यासारखे वाटतात. आणि निकाल वाचताना एक गंमत आहे. २०० मीटर ३:४० ला आलं आणि ४०० मात्र आठ मिनिटांवरच राहिलं, तर फरक २६० सेकंदांचा होतो, म्हणजे क्रिटिकल स्पीड २:०६ वरून २:१० वर घसरला. पोहणारा दोनशेवर खूश असतो आणि वही सांगते, छोट्या अंतराचा वेग वाढला, दम मात्र वाढलेला नाही. पुढचे आठवडे मग दहा तुकड्यांचेच.