अँजिओग्राफी की अँजिओप्लास्टी? सही करण्याआधी एवढं माहीत असावं

परळच्या केईएममध्ये, सायनला, नायरला किंवा उपनगरातल्या कुठल्याही खासगी रुग्णालयात कॅथ लॅबबाहेरच्या, म्हणजे हृदयापर्यंत नळी नेऊन तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीबाहेरच्या, बाकांवर बसलेल्या नातेवाइकांना विचारा, आत काय चाललंय? 'अँजिओ चाललीय' हेच उत्तर मिळेल. ती तपासणी आहे की उपचार, हे त्यांतल्या अनेकांना सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही. दोन्हीची खोली एक, टेबल एक, मनगटातून आत जाणारी नळी एक, डॉक्टर तेच, आणि पुष्कळदा संमतीपत्राचा कागदसुद्धा एकच. पण एकात डॉक्टर फक्त पाहतात आणि दुसऱ्यात रक्तवाहिनीत कायमची वस्तू बसवतात. हा फरक सही करणाऱ्याला कळलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अँजिओग्राफी म्हणजे पाहणं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, महाधमनीतून थेट हृदयाच्या तोंडाशी नेतात. तिच्यातून आयोडीन असलेला डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा द्रव, सोडतात आणि तो वाहत असताना एक्स-रेची चलत्चित्रं टिपतात. जिथे डायची धार बारीक होते, तिथे अडथळा. रुग्ण जागा असतो, नळी घालतात तेवढीच जागा बधिर केलेली असते आणि बहुतेक वेळा काम अर्ध्या तासात आटपतं. डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंड किती नीट चालतंय ते कळतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, तर ते न विचारताही सांगावं.

ही तपासणी जन्माला आली ती अपघाताने. १९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या हृदयाची झडप तपासत होते. नळी घसरून उजव्या करोनरी धमनीत शिरली आणि भरपूर डाय थेट तिच्यात गेला. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला सांगितलं आणि ते पुन्हा चालू झालं. त्याआधी इतका डाय करोनरी धमनीत गेला तर माणूस दगावेल, अशीच समजूत होती. त्या दिवसापासून जिवंत माणसाच्या करोनरी धमन्या नीट पाहता येऊ लागल्या. पण नळीच्या वाटेने त्या दुरुस्त करता येईनात. अडथळा दिसला तरी हातात औषधं होती आणि पुढे १९६०च्या दशकात बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणारी शस्त्रक्रिया, आली.

नळीने दुरुस्ती जमायला १९७७ उजाडलं. झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबरला एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या करोनरी धमनीत चिमुकला फुगा नेऊन फुगवला. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. ही अँजिओप्लास्टी. आज नुसत्या फुग्यावर सहसा थांबत नाहीत. फुग्यावर घट्ट बसवलेली धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, अडथळ्याच्या जागी उघडतात आणि ती तिथेच राहते. माणसात करोनरी स्टेंट पहिल्यांदा बसला १९८६ मध्ये. नंतर त्यावर औषधाचा लेप आला. त्यामुळे जाळीच्या आत नव्या पेशी वाढून वाट पुन्हा बुजण्याचं प्रमाण बरंच घटलं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. घरोघरी सांगितलं जातं की चोंदलेला नळ साफ करावा तशी नस साफ केली. तसं होत नाही. चरबीचा आणि कॅल्शियमचा थर बाहेर काढला जात नाही, तो भिंतीकडे दाबला जातो आणि जाळी त्याला तिथे धरून ठेवते. असा थर साठण्याची प्रवृत्ती शरीरभर तशीच असते. म्हणून स्टेंटनंतरही कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब, साखर आणि तंबाखू सोडणं यांतलं काहीही ऐच्छिक होत नाही.

आता खरा कळीचा भाग. अँजिओग्राफीचा निकाल आणि अँजिओप्लास्टी यांच्या मध्ये एक निर्णय असतो. पडद्यावर '७० टक्के ब्लॉकेज' दिसलं म्हणजे स्टेंट बसवायलाच हवा, असं गणित नाही. ढोबळमानाने मुख्य डाव्या धमनीत ५० टक्के आणि इतरत्र ७० टक्के अरुंदी गंभीर धरतात, पण तो डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. मधल्या आकड्यांसाठी एफएफआर नावाची चाचणी आहे. दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं मानतात. त्याहून जास्त असेल तर स्टेंट सहसा टाळता येतो. ज्यांच्या अनेक धमन्यांत अडथळे आहेत, विशेषतः मधुमेहींमध्ये, तिथे कधी कधी बायपासच सरस ठरते.

आणि ज्यांना फक्त जिना चढताना छातीत दाटून येतं, थांबलं की बरं वाटतं, आणि महिनोन्महिने तसंच चाललंय, त्यांच्यासाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'इस्केमिया' हा अभ्यास फार महत्त्वाचा आहे. अशा ५,१७९ स्थिर रुग्णांत काहींना औषधांबरोबर सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि शक्य तिथे स्टेंट किंवा बायपास दिली, काहींना आधी फक्त चांगली औषधं. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र, ज्यांना वारंवार होत होतं त्यांचं, पहिल्या गटात जास्त कमी झालं. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा नुकताच झटका आलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं. म्हणजे स्थिर रुग्णाला स्टेंट अनेकदा त्रास कमी करण्यासाठी दिला जातो. ते कारण चांगलंच आहे, फक्त ते तसं सांगितलं गेलं पाहिजे.

म्हणून तपासणीआधीच विचारा: 'आज फक्त अँजिओग्राफी आहे, की अडथळा दिसला तर लगेच स्टेंट बसवणार?' एकाच वेळी दोन्ही करणं चूक नाही. दुसऱ्यांदा नळी घालावी लागत नाही, खर्चही वाचतो. पण टेबलावर वडील झोपलेले, बाहेर मुलीला दोन मिनिटांत 'हो की नाही' विचारलं जातंय, ही निर्णयाची जागा नव्हे. तो विचार आदल्या दिवशी व्हायला हवा. फक्त तपासणी झाली असेल तर रिपोर्टसोबत चित्रांची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत नुसत्या कागदावरच्या टक्क्यांवरून नीट मिळत नाही.

हे सगळं लागू आहे ते वेळ हातात असताना. हार्ट अटॅक चालू असेल तर नियम उलटा होतो, आणि मुंबईत माणसं दगावतात ती नेमकी इथे, उशीर केल्याने. ईसीजीत मोठा झटका दिसत असताना धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तेव्हा अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी एका दमात करतात. रुग्णालयाच्या दारात पोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी, असं उद्दिष्ट जगभर मानलं जातं. अशा वेळी 'आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारतो', 'मामा डोंबिवलीहून येईपर्यंत थांबा' म्हणणं धोक्याचं आहे. त्याहून जास्त वेळ घरातच जातो. ॲसिडिटी समजून ओवा चावला जातो, रात्र सरायची वाट पाहिली जाते. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा मधुमेहींमध्ये नुसताच दम आणि कमालीचा थकवा, यांतलं काही झालं तर १०८ ला फोन करावा. लोकलने किंवा स्कूटरवर मागे बसून जाऊ नये. वाहतुकीत अडकण्याची किंवा कॅथ लॅब लांब असण्याची शक्यता असेल, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि मग पुढे हलवतात. आपल्या घराजवळ रात्रीही चालू असणारी कॅथ लॅब कुठे आहे, हे आजच शोधून दारामागे लिहून ठेवावं. मोठ्या झटक्यात वेळेवर झालेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात शंका नाही.

कॅथेटर न घालता होणारी सीटी अँजिओग्राफीही आहे. त्यात दंडातल्या किंवा हाताच्या शिरेतून डाय देतात, नाडी संथ करायला गोळी देतात आणि स्कॅनर चित्र काढतं. लक्षणं आहेत पण धोका मध्यम, अशांसाठी ती उत्तम. मात्र ती शंभर टक्के तपासणीच आहे, तिच्यात स्टेंट बसवता येत नाही.

खर्चाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली, कर वेगळा. त्याआधी लेपाच्या स्टेंटची छापील किंमत लाखाच्या वर जायची. ही मर्यादा नंतर बदलत आली आहे. ती स्टेंटपुरती आहे, खोली, डॉक्टर आणि फुगे यांच्या बिलावर नाही. बिलात स्टेंटची किंमत आणि ब्रँड वेगळा लिहिलेला असायला हवा, तो पाहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, जावं, आणि शक्यतो दाखल होतानाच.

शेवटी, घरी आल्यावरचा फरक. अँजिओग्राफीनंतर मनगटावरची पट्टी निघाली की विषय संपतो. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर अशा दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात. स्थिर रुग्णात साधारण सहा महिने, झटक्यानंतर साधारण वर्षभर, आणि नंतर बहुतेकांना एक गोळी आयुष्यभर. जाळीवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत त्या अचानक बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ही गुठळी पहिल्या झटक्याइतकी, कधी त्याहून घातक असते. दाढ काढायची आहे, मोतीबिंदू करायचा आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याने किंवा दंतवैद्यांच्या एका वाक्यावर गोळ्या थांबवू नयेत. आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा. डिस्चार्जच्या कागदावर दुसरी गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, ते त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावं.