कात्रीने कापायच्या नूडल्स

सोलमधल्या नेंगम्योनच्या, म्हणजे थंड नूडल्सच्या, खानावळीत स्टीलचा वाडगा टेबलावर आदळतो, आणि वाढणाऱ्या मावशींच्या दुसऱ्या हातात असते भलीमोठी कात्री. "कापून देऊ का?" असं विचारून, उत्तराची फारशी वाट न बघता त्या वाडग्यातल्या नूडल्सच्या गुंडाळीवर एकदा उभी आणि एकदा आडवी कात्री चालवतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. वाडग्यात असतं अर्धवट गोठलेलं मांसाचं सूप, त्यात बुडालेली करड्या रंगाची गुंडाळी, वर मुळ्याचे नि काकडीचे काप, पेअरची फोड, मांसाचे दोन पातळ तुकडे आणि अर्धं उकडलेलं अंडं. एवढं साधं प्रकरण. मग कात्री कशाला? गव्हाच्या नूडल्स दातांनी सहज तुटतात, आणि या नूडल्सच्या पिठात तर चिवटपणासाठी प्रसिद्ध असलेलं ग्लुटेनच नसतं.

ग्लुटेन म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या दोन प्रकारच्या प्रथिनांचं जाळं. कणीक पाणी घालून मळली की हे जाळं विणलं जातं आणि पीठ ओढलं तरी तुटत नाही. नेंगम्योनचं मुख्य धान्य आहे बकव्हीट, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात नवरात्राच्या उपासाला खातात ते कुट्टू. नावात 'व्हीट' असलं तरी त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. गहू गवताच्या कुळातला, तर कुट्टू चुक्याच्या कुळातला. त्याचं पीठ कितीही मळा, ओढलं की तुटतं. लाटून सुरीने कापलं तर शिजताना तुकडे पडतात. तरीही कोरियाच्या उत्तरेकडच्या थंड, डोंगराळ भागात हे पीक लोकांनी धरून ठेवलं, कारण ते दोन-तीन महिन्यांत हाताशी येतं आणि हलक्या जमिनीतही तग धरतं. भात तिथे मुश्किलीने पिकायचा. म्हणून प्रथिनांनी जे काम करायचं ते स्टार्चकडून करून घ्यायची युक्ती स्वयंपाकघरात शोधली गेली.

ही युक्ती खानावळीच्या भटारखान्यात बघण्यासारखी असते. कुट्टूच्या पिठात बटाट्याचा किंवा रताळ्याचा स्टार्च मिसळतात आणि गरम पाण्याने गोळा मळतात. स्टार्चचे कण थंड पाण्यात नुसते खाली बसतात, पण साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली रचना मोडते आणि त्यांची खळ होते. गरम पाण्याने मळताना यातला थोडाच भाग खळीत बदलतो, आणि तेवढी खळ गोळा बांधून ठेवायला पुरते. मग तो गोळा जातो साच्यात. साचा थेट उकळत्या पाण्याच्या कढईवर बसवलेला असतो. दट्ट्याखालून बारीक भोकांतून धार खाली पडते ती सरळ उकळत्या पाण्यात, कारण मधे हवेत लोंबकळत ठेवली तर ती स्वतःच्याच वजनाने तुटेल. हल्ली हे काम हायड्रॉलिक यंत्र करतं. पूर्वी लाकडी दांड्याचा साचा असायचा आणि त्याला भरपूर ताकद लागायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किम जुन-गुन या चित्रकाराने काढलेल्या एका चित्रात नूडल्स दाबणारा माणूस दांड्यावर अख्खं अंग झोकून देताना दिसतो.

कढईत उरलेला स्टार्च फुलतो. नूडल्स इतक्या बारीक असतात की साधारण मिनिटभरात काम होतं. लगेच त्या झाऱ्याने उपसून थंड पाण्यात टाकतात, हातांनी चोळचोळून धुतात आणि शेवटी बर्फाच्या पाण्यातून काढतात. चोळायचं कारण असं की शिजताना स्टार्चमधलं अमायलोज बाहेर झिरपतं आणि नूडल्सच्या अंगावर गोंदासारखं बसतं. ते धुतलं नाही तर सगळ्याचा एक गठ्ठा होईल. आणि आत राहिलेलं अमायलोज थंड होताच कामाला लागतं. त्याचे लांब, सरळ रेणू गरम असताना मोकळे फिरत असतात. गार झाले की ते एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात आणि मऊ खळीचा ताठ, लवचीक जेल होतो. नूडल्समधला ताण इथून येतो. म्हणजे नेंगम्योन थंड खातात ते केवळ उन्हाळ्यात बरं वाटतं म्हणून नव्हे. गरम सूपमध्ये टाकलं तर हे जाळं पुन्हा सैल पडतं, नूडल्स पाणी पीत राहतात आणि फुगून लिबलिबीत होतात.

आपल्याकडे ज्यांनी कुरडया घालताना पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात तेव्हा ग्लुटेन चोथ्यात जातं आणि हाती उरतो जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो शिजवून सोऱ्यातून घातला की धार न तुटता पडते. फरक इतकाच की आपण ती उन्हात वाळवतो आणि कोरियन माणूस ती ओलीच बर्फात घालतो.

कुट्टू आणि स्टार्च यांचं प्रमाण बदललं की पदार्थाचा स्वभाव बदलतो, आणि त्यावरून दोन घराणी पडली आहेत. प्योंगयांगच्या पद्धतीत कुट्टू जास्त. नूडल्स किंचित खरखरीत, दातांनी सहज तुटणाऱ्या. पूर्व किनाऱ्यावरच्या हामहुंगच्या पद्धतीत जवळजवळ सगळा स्टार्चच, मुळात त्या डोंगरांत पिकणाऱ्या बटाट्याचा. या नूडल्स केसासारख्या बारीक आणि रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या. कात्रीची खरी गरज इथे. जाता जाता एक गैरसमज: नूडल्स जितक्या काळपट तितकं कुट्टू जास्त, असं गिऱ्हाइकांना वाटतं. सोललेल्या कुट्टूचं पीठ फिकट करडं असतं. काळेपणा येतो तो सालीमुळे किंवा दाणे भाजल्यामुळे.

ही दोन्ही गावं आज उत्तर कोरियात आहेत, आणि नेंगम्योन दक्षिणेत रुजलं ते फाळणी आणि १९५० ते ५३ च्या युद्धात खाली आलेल्या लोकांमुळे. सोलमधलं प्योंगयांग पद्धतीचं 'उ रे ओक' १९४६ सालचं. हामहुंगवाले शहराच्या ओजांग-दोंग भागात जमले आणि बटाट्याऐवजी दक्षिणेत मिळणारा रताळ्याचा स्टार्च वापरू लागले. बुसानला पोचलेल्यांना कुट्टू मिळेना, पण अमेरिकी मदतीचं गव्हाचं पीठ मुबलक होतं. त्यांनी तेच साच्यातून काढलं आणि 'मिलम्योन' नावाचा वेगळाच पदार्थ तयार झाला. २७ एप्रिल २०१८ रोजी पानमुनजोमला दोन्ही कोरियांच्या नेत्यांची भेट झाली तेव्हा उत्तरेने प्योंगयांगच्या ओकर्यूग्वान उपाहारगृहातले आचारी आणि साचा सीमेपर्यंत आणला होता. वाडगा कुठे तयार करायचा यापेक्षा साच्यातून काढल्यापासून किती मिनिटांत खायचा हे महत्त्वाचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कात्रीबद्दल मात्र प्योंगयांगवाल्या खवय्यांचं मत वाईट आहे. लांब नूडल म्हणजे दीर्घायुष्य, ती कापू नये, हे एक कारण. दुसरं कारण असं सांगतात की लोखंड लागलं की कुट्टूची चव जाते. मला यात तथ्य दिसत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पात्याचा दोन सेकंदांचा स्पर्श चवीचं काय बिघडवणार? शिवाय हे सांगणारा माणूस खात असतो तो स्टीलच्याच वाडग्यातून आणि स्टीलच्याच चॉपस्टिक्सनी.

आता सूप. ते थंड द्यायचं हे बोलायला सोपं आहे. गोमांसाची चरबी तोंडाच्या तापमानाला नीट वितळतच नाही, ती टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून सूप रात्रभर गार करून वर आलेला चरबीचा थर पूर्ण काढून टाकतात. दुसरी अडचण जिलेटिनची. हाडं आणि स्नायुबंध खूप वेळ उकळले की कोलॅजेनचं जिलेटिन होतं, आणि त्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या वर गेलं की फ्रिजमध्ये सूप थिजून जेली होते. गरम सूपला जो दाटपणा शोभतो तो इथे घातक. त्यामुळे छातीचं मांस घेऊन बेताने उकळतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यात 'तोंगचिमी'चं पाणी मिसळतात.

तोंगचिमी म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेला मुळा, बिनतिखट आणि पाणीदार किमची. यातले मुख्य कारागीर ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू. गारठ्यात इतर जिवाणू सुस्तावतात तेव्हाही हे हळूहळू काम करत राहतात. दह्यातले जिवाणू बहुतेक साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. ल्यूकोनोस्टॉक त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि थोडी मॅनिटॉल नावाची गोडसर शर्कराही तयार करतात. वायू थंड पाण्यात जास्त विरघळतो, म्हणून गारठ्यात मुरलेल्या तोंगचिमीच्या पाण्याला जिभेवर चुरचुरणारा फेसाळपणा असतो.

यावरून हेही कळतं की नेंगम्योन मुळात हिवाळ्यातलं खाणं का होतं. कुट्टू शरद ऋतूत निघायचं, तोंगचिमी थंडीत मुरायची, बर्फ अंगणातच असायचा. १८४९ साली लिहिलेल्या 'दोंगगुक सेसिगी' या सणवारांच्या नोंदवहीत ते चांद्रवर्षाच्या अकराव्या महिन्याचं पक्वान्न म्हणून येतं. ऐन उन्हाळ्यात खायची चैन बर्फाचे कारखाने निघाल्यानंतरची.

इतकं सगळं करूनही प्योंगयांगच्या पद्धतीचं सूप पहिल्या घोटाला मिळमिळीत लागतं. पहिल्यांदा खाणारे कोरियन लोकसुद्धा 'फडकं पिळलेलं पाणी' म्हणून त्याची थट्टा करतात. दोष आचाऱ्याचा नाही. गोड, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शाला असते ती चमचमीत चव) या चवींचा संदेश जिभेच्या पेशींत टीआरपीएम५ नावाच्या मार्गिकेतून पुढे जातो, आणि ही मार्गिका तापमानावर चालते. २००५ साली बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तिचा प्रतिसाद झपाट्याने वाढतो. बर्फाळ सूपने जीभ गार पडली की मांसाची उमामी चव तिथेच दबते. वासाचे रेणूही थंडीत कमी उडतात. आंबट आणि खारट चवींचे मार्ग वेगळे असल्यामुळे त्या जास्त टिकून राहतात. खवय्ये म्हणतात की तिसऱ्या-चौथ्या वाडग्यानंतर हे सूप 'कळायला' लागतं. सरावाने कळतं हे खरं असेल, पण सूप तोंडात क्षणभर धरून गिळणाऱ्याला पहिल्याच दिवशी बरंच कळतं.

या मिळमिळीतपणात एका कंपनीला बाजार दिसला. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून उमामी चव देणारं ग्लुटामेट वेगळं केलं, आणि पुढच्याच वर्षी ते 'अजिनोमोटो' म्हणून विक्रीला आलं. कोरिया जपानच्या ताब्यात असताना कंपनीने नेंगम्योनच्या खानावळींकडे खास लक्ष दिलं. मांस नि तोंगचिमीला लागणारा वेळ आणि खर्च एका चिमटीने वाचवता येत होता.

टेबलावर व्हिनेगरची आणि फेसलेल्या मोहरीची बाटली असते ती जिभेच्या याच अडचणीवरचा उतारा. आंबटपणा थंडीला दाद देत नाही. मोहरीचा झटका तर चवच नव्हे. मोहरीचे दाणे भरडून पाण्यात कालवले की मायरोसिनेज हे विकर त्यातल्या घटकावर काम करून अलाइल आयसोथायोसायनेट तयार करतं. ते वाफेने नाकात चढतं आणि वेदना कळवणाऱ्या टीआरपीए१ या मार्गिकेला डिवचतं. जाणकार व्हिनेगर सूपमध्ये ओतत नाहीत, चॉपस्टिक्सनी नूडल्स उचलून त्यांच्यावर शिंपडतात. सूप जसंच्या तसं राहतं आणि घासाला धार येते. मला ही रीत पटते.

हामहुंगवाल्यांच्या 'बिबिम' प्रकारात सूप जवळजवळ नसतंच, नूडल्सवर लाल तिखटाची चटणी कालवायची असते. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ या मार्गिकेला चिकटतं, जी एरवी साधारण ४३ अंशांच्या वर 'भाजलं' असा संदेश देते. तिच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. थंड नूडल्समुळे ही मार्गिका शांत असते, म्हणून तिखट आधी सोसतं. मग मावशी किटलीतून मांसाचं कढत सूप पेल्यात ओतून जातात. तोंड पोळलेला नवखा माणूस आशेने ते पितो. कॅप्सेसिन चिकटलेलं असताना या मार्गिकेला कोमट पाणीसुद्धा पोळल्यासारखं वाटतं, कढताची तर बातच सोडा. ते सूप पोटाला ऊब म्हणून असतं. तिखट उतरवायला अंडं बरं.

वाडग्याची धातू मात्र मला कोड्यात टाकायची. हाताला गार लागतो खरा, पण धातू उष्णताही झटकन आत घेतो. त्यात सोलचा जुलै-ऑगस्टचा दमट उन्हाळा. वाडग्याला बाहेरून घाम फुटतो आणि गिऱ्हाइकाला तो थंडाव्याची खूण वाटतो. प्रत्यक्षात हवेतल्या वाफेचं एक ग्रॅम पाणी होताना जेवढी उष्णता सुटते तेवढ्यात सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळतो. सूपमध्ये बर्फाचा चुरा असतो तो हा मारा झेलायला. बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान शून्याच्या आसपासच राहतं, तो संपला की ते भराभर चढतं.

आता नेंगम्योनची पाकिटं आपल्याकडच्या कोरियन दुकानांतही मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त शिजवू नका, आणि वाटतं त्याच्या दुप्पट वेळ नूडल्स थंड पाण्यात चोळून धुवा. गव्हाचं वावडं असलेल्यांनी घटकांची यादी वाचावी, कारण बऱ्याच पाकिटांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. कुट्टूची ॲलर्जी याहून गंभीर असते, काहींना श्वास कोंडण्यापर्यंत. कोरियात पाकिटावर तिचा उल्लेख करणं सक्तीचं आहे. अशा माणसाने नेंगम्योनच्या खानावळीत दुसरा कुठला पदार्थ मागवूनही धोका टळत नाही. एकाच कढईत सगळ्या नूडल्स शिजतात, आणि प्योंगयांग पद्धतीच्या खानावळीत तेच कढईतलं पाणी पेल्यात गरमागरम प्यायला देतात.