पोटॅशियमच्या गॅमा किरणांवरून चरबीविरहित वजन

शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. साठलेल्या चरबीत ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे एकूण पोटॅशियम कळले, की चरबी सोडून उरलेल्या वजनाचा अंदाज येतो. ते मोजायला सुई नको, औषध नको. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के किरणोत्सारी पोटॅशियम-४० असते. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात आणि दहातल्या साधारण एकातून १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. म्हणजे १३० ग्रॅमला सेकंदाला चारशेहून थोडे जास्त.

एवढ्याशा संख्येपुढे भोवतालचा किरणोत्सर्ग फार होतो. काँक्रीटमध्येही पोटॅशियम असतेच. म्हणून मोजणी १५-२० सेंटिमीटर जाड पोलादी भिंतींच्या खोलीत करतात. पोलाद शक्यतो १९४५ पूर्वीचे, कारण नंतरच्या पोलादात किरणोत्सारी कोबाल्ट-६० असू शकते आणि त्याचा १.३३ चा किरण आपल्या १.४६ च्या अगदी शेजारी पडतो. आत जाण्याआधी अंघोळ, केस धुणे आणि कपडे बदलणे आवश्यक. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून बनलेले बिस्मथ-२१४ केसांना चिकटते, त्याच्या १.७६ च्या किरणाने किरण टिपणाऱ्या स्फटिकात अर्धवट ऊर्जा सोडली, तर ती नोंद पोटॅशियमच्या खात्यात जाते. मग सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांखाली अर्धा तास निश्चल पडून राहायचे.

खरी अडचण अंगलटीची. १२ सेंटिमीटर पाण्यात हे किरण निम्मे होतात, म्हणून जाड माणसाचे पोटॅशियम आहे त्यापेक्षा कमी दिसते. उपाय म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्यांचे पुतळे पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने भरून यंत्र जुळवतात. १४० ग्रॅम पोटॅशियमला हे मीठ २६७ ग्रॅम लागते.

आता भागाकार. १९६१ मध्ये फोर्ब्स व सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या विश्लेषणावरून चरबीविरहित वजनाच्या किलोमागे २.६६ ग्रॅम पोटॅशियम धरले. ७० किलोच्या माणसात १३० ग्रॅम मिळाले, तर ४९ किलो चरबीविरहित, २१ किलो चरबी. पुढे पुरुषांसाठी २.५ च्या आसपासचा आकडाही वापरला गेला (स्त्रियांसाठी त्याहून कमी). तो घेतला तर त्याच मोजणीतून ५२ आणि १८ निघतात! चरबी वजाबाकीने येते, त्यामुळे सगळी चूक तिच्याच माथी.

अंगावर सूज असेल तर पेशींबाहेरचे पाणी वजन वाढवते, पोटॅशियम नाही. मग यंत्र चरबी जास्त दाखवते. दीर्घ जुलाबांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या औषधांनी पोटॅशियम घटले, तरी तेच.