कॉम्प्युटर फ्रीजमध्ये ठेवला तर?

मे महिन्यात, ठाण्यातल्या एखाद्या पश्चिमेच्या खोलीत, दुपारी तीन वाजता गेमिंगचा कॉम्प्युटर चालवणाऱ्या माणसाला हा विचार सुचला नाही तरच नवल. कॅबिनेटचे पंखे घोंघावतायत, ग्राफिक कार्ड ऐंशी अंशांवर पोचलंय. आणि गॅलरीत जुना सिंगल डोअर फ्रीज नुसता पडून आहे, कारण एक्स्चेंजमध्ये त्याचे धड पैसे मिळेनात. मग काय, जाळ्या काढायच्या, मदरबोर्ड आत उभा करायचा, दाराच्या रबरातून वायरी बाहेर घ्यायच्या. आत चार अंश, बाहेर चौतीस. तीस अंशांचा सरळ फायदा! जगभरच्या हौशी मंडळींनी हा उद्योग करून पाहिलाय.

कल्पना वेडगळ अजिबात नाही. तोच हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा पंखेदार ठोकळा) आणि तोच पंखा ठेवून भोवतालची हवा वीस अंशांनी थंड केली, तर चिपही जवळपास तेवढीच थंड होते. थंड सिलिकॉनमधून वाया गळणारा करंट कमी असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं, हा तर इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. हेतू चोख आहे. घोटाळा होतो तो वॅटच्या हिशेबात.

फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो मागच्या जाळीत, किंवा हल्लीच्या फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत, उष्णता सोडून द्रव होतो. मग बारीक कॅपिलरीतून सुटून फ्रीझरच्या कॉइलमध्ये उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेतो. जेकब पर्किन्सने १८३४ साली पेटंट घेतलं ते याच चक्राचं. तेव्हा फ्रीज किती थंड होतो हे विचारून आपलं काम भागत नाही. दर सेकंदाला तो किती उष्णता बाहेर काढू शकतो, हे विचारायला हवं.

याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. समजा १८० युनिट आहेत. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर सरासरी निघते जेमतेम वीस-एकवीस वॅट. घरगुती फ्रीज एक वॅट विजेच्या बदल्यात दीड-दोन वॅट उष्णता बाहेर काढतो असं धरलं, तर हा गडी चोवीस तासांत सरासरी तीस-चाळीस वॅट उष्णता उपसतो. भिंतींतून आणि दाराच्या रबरातून आत झिरपते तेवढीच, वर थोडं उरलेलं वरण आणि दुधाचं पातेलं. कॉम्प्रेसर न थांबता पळवला तरी मजल शंभर-दीडशे वॅटच्या घरात. जुन्या फ्रीजमधला दिवा पंधरा वॅटचा असायचा, आणि दार लागलं की तो विझवणारं बटण कंपन्या आठवणीने द्यायच्या.

आता कॉम्प्युटरकडे बघा. तो जितकी वीज ओढतो, तितकी अखेर उष्णताच होते. गेम खेळा, व्हिडिओ एडिट करा, नाहीतर एक्सेलमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स मांडा, फरक फक्त किती वीज ओढली एवढाच. इंटेलच्या कोअर आय-नाइन १४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची ४५०. इतकं भारी नको, मध्यम प्रतीचा, खेळताना ३०० वॅट घेणारा कॉम्प्युटर धरू. दोन लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर सुमारे २०९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. आपला कॉम्प्युटर तेवढी उष्णता बारा मिनिटांच्या आत ओततो. म्हणजे कुणीतरी दर बारा मिनिटांनी साध्या पाण्याची दोन लिटरची बाटली फ्रीजमध्ये ठेवतंय, आणि फ्रीजने ती पुढची यायच्या आत गार करायची. रात्री अकरा ते दोन खेळलात तर पंधरा बाटल्या.

वागळे इस्टेटकडच्या एका मेकॅनिकला मी सहज विचारलं, की कॉम्प्रेसर असा सतत पळवला तर काय होईल. "पळंल की, सर," तो म्हणाला. "पण तापला की ओव्हरलोड ट्रिप मारतो. गार झाला की परत चालू. असं चालू-बंद करत करत एक दिवस वाइंडिंग जातं." त्यामागचं कारण मजेशीर आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर उणे वीस-पंचवीस अंशांच्या कॉइलकडून येणारा विरळ, गार गॅस ओढायला बनवलेला असतो, आणि तोच गॅस जाता जाता त्याच्या मोटारीलाही थंड करतो. पेटी तापली की कॉइलकडून येणारा गॅस दाट होतो आणि गरमही. मोटारीचं काम वाढतं आणि तिचं स्वतःचं थंडावणं त्याच वेळी घटतं.

ट्रिप झाल्यावर पुढची गंमत सुरू होते. फ्रीजच्या भिंतीत पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो, उष्णता आत येऊ नये म्हणून. तो दिशा बघत नाही, बाहेरही जाऊ देत नाही. मघाचेच आकडे वापरले, म्हणजे आत-बाहेर पंचवीस-तीस अंशांचा फरक असताना तीस-चाळीस वॅट झिरपतात असं धरलं, तर फरकाच्या दर अंशामागे सव्वा वॅटच्या आसपास पडतो. त्या पेटीत ३०० वॅट कोंडले, तर कागदावर तापमान दोनशेच्या पार जातं. प्रत्यक्षात तिथवर पोचत नाही, कारण प्रोसेसर त्याआधीच वेग कमी करतो आणि शेवटी स्वतःला बंद करून घेतो. गॅलरीतल्या उघड्या कॅबिनेटमध्ये तो यापेक्षा सुखी असतो.

हे झालं कुठल्याही गावाला लागू पडणारं गणित. ठाणे-नवी मुंबईचं म्हणून एक वेगळंच दुखणं आहे, ते म्हणजे दवबिंदू. हवा ज्या तापमानाला पोचली की तिच्यातली वाफ पाणी होऊन धरायला लागते, तो आकडा. जुलैत आपल्याकडे २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता ही काही बातमी नव्हे, आणि अशा हवेचा दवबिंदू येतो २६ अंशांच्या जवळ. मेमध्ये ३३ अंश आणि ६५ टक्के धरले तरी साडेपंचवीस. फ्रीजच काय, खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गार असलेली कोणतीही वस्तू पावसाळ्यात ओली होणार. त्या जुलैच्या एक घनमीटर हवेत २४ ग्रॅम वाफ असते आणि पाच अंशांच्या हवेत सात ग्रॅमही मावत नाही. १९० लिटरच्या फ्रीजची हवा एकदा बदलली की तीन-साडेतीन ग्रॅम पाणी आत सुटतं. दर वेळी दार उघडलं की पुन्हा तेवढंच. वायरींसाठी रबरात ठेवलेली फट तर दिवसरात्र भर घालतच असते.

मात्र हे पाणी सरळ प्रोसेसरवर पडतं असा जो समज आहे, तो बरोबर नाही. वाफ धरते ती सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर. चालू कॉम्प्युटरचे भाग आतल्या हवेपेक्षा गरमच असतात, म्हणून ते कोरडे राहतात. धोका आहे तो कॉम्प्युटर बंद केल्यावर. फ्रीज चालूच आहे, मदरबोर्ड रात्रभरात पाच अंशांवर आलाय, आणि सकाळी तुम्ही पेनड्राइव्ह लावायला दार उघडता. बाहेरची दमट हवा आत शिरते आणि बोर्डच्या प्रत्येक टाक्यावर दव धरतं. मग तुम्ही पॉवरचं बटण दाबता. किंवा लाइट जाते, कॉइलवरचा बर्फ वितळतो आणि टपटपायला लागतो.

दवाचं पाणी तसं शुद्ध असतं आणि शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण बोर्डवर धूळ असते, आणि खाडीकाठच्या हवेत मीठ असतं. ते विरघळलं की बारा व्होल्टच्या रेघा शेजारच्या रेघांशी बोलायला लागतात, तांबं हिरवं पडतं, आणि बिघाड त्याच दिवशी दिसतो असंही नाही. वायरींसाठी फ्रीजच्या बाजूला भोक पाडायचा विचार असेल तर तो आधी सोडा. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन भरलेलं असतं. ते ज्वालाग्राही आहे, आणि त्याच्या नळ्या बऱ्याचदा नेमक्या त्या बाजूच्या पत्र्याआडच असतात. गळका गॅस, बंद पेटी आणि आत विजेची ठिणगी, या तिन्ही गोष्टी एकत्र नकोत.

इतकं सगळं असूनही फ्रीजच्या तंत्राने कॉम्प्युटर थंड करता येतो, आणि तो थाटात करून झालाय. १९७६ सालचा क्रे-१ हा महासंगणक सुमारे ११५ किलोवॅट वीज खायचा आणि त्याच्या खांबांतून फ्रिऑन, म्हणजे फ्रीजमध्ये वापरतात तसला गॅस, फिरायचा. १९८०च्या दशकाच्या शेवटी भारताने हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत आणलेला क्रे एक्स-एमपी त्याच घराण्यातला. त्याहून मोठं यंत्र मिळेना म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० आला, ती गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. क्रेच्या यंत्रात हवा गार करून ती पार्टांवर सोडायची भानगड नव्हती. पार्टांची उष्णता तांब्याच्या पत्र्यांतून थेट गार खांबांत जायची, आणि बर्फाचं तापमान गाठायचा हट्टही नव्हता. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून क्रायोटेक आणि आसेटेक या कंपन्यांनी घरच्या कॉम्प्युटरसाठीसुद्धा कॉम्प्रेसरवाली थंड टोपी काढली. ती फक्त प्रोसेसरवर बसायची, आणि दव धरू नये म्हणून तिच्याभोवती फोम ठासलेला असायचा. ते टिकलं नाही. महाग आणि आवाज करणारं, शिवाय वीज खाणारं. माझ्या मते टिकायला नकोच होतं.

कारण या कामासाठी नीट बनवलेला फ्रीज बऱ्याच घरांत आधीच भिंतीवर टांगलेला असतो. दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, कॉम्प्युटरचे ३०० वॅट म्हणजे त्याच्या सहा टक्क्यांच्या आत. एक वॅट विजेला तीन-चार वॅट उष्णता काढतो, म्हणजे फ्रीजच्या दुप्पट कार्यक्षम. वर हवा कोरडीही करतो, आणि पाणी नळीतून बाहेर टपकतं, मदरबोर्डवर नाही. फ्रीजमधली उष्णता मात्र जाळीतून तुमच्याच खोलीत येते. कॉम्प्युटरचे ३०० आणि कॉम्प्रेसरचे शंभर मिळून चारशे वॅट, बसा घाम पुसत. एसी नसेल तर ब्रशने हीटसिंकची धूळ काढणं, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, कार्डाची वीजमर्यादा वीस टक्क्यांनी खाली आणणं आणि कॅबिनेटची पाठ खिडकीकडे करणं, यांतून जे मिळतं ते जुन्या फ्रीजमधून मिळणार नाही. वीजमर्यादेचा उपाय विशेष करून पाहा. गेमच्या वेगात बऱ्याचदा जेमतेम काही टक्क्यांचा फरक पडतो, आणि उष्णता मुळातच कमी तयार होते.

ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यातल्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारतींत तरी आत गोठवणारी थंडी असेल, असं बाहेरून वाटतं. पण अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस आहे सर्व्हरला १८ ते २७ अंशांची हवा द्यायची, आणि तिचा दवबिंदू १५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. जुलैत खाडीवरून येणारी हवा २६ दवबिंदूची, तेव्हा ती जशीच्या तशी आत घेता येत नाही. आधी तिच्यातलं पाणी काढावं लागतं. तापमानाइतकाच ओलाव्याचा खर्च आपल्याकडे आहे, आणि कोरड्या, थंड देशांना तो जवळजवळ पडत नाही.

अलीकडे तर गाडी उलट्या दिशेने निघाली आहे. झुरिकमध्ये २०१० साली अ‍ॅक्वासार नावाचा संगणक चक्क ६० अंशांच्या पाण्याने थंड केला गेला, आणि म्युनिकजवळचा सुपरएमयूसी २०१२ पासून चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यावर चालला. ऐंशी अंशांच्या चिपला पंचेचाळीस अंशांचं पाणीही गारच, फक्त ते चिपला अगदी चिकटून वाहायला हवं. ठाण्यात ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरचं तापमान ऐन पावसाळ्यातही साधारण २८ अंशांच्या पुढे फारसं जात नाही. गच्चीवरचा कूलिंग टॉवर थोड्या पाण्याची वाफ करून बाकीचं पाणी याच आकड्याच्या जवळ आणतो, त्यामुळे त्यातून बत्तीस-तेहतीस अंशांचं पाणी बारा महिने मिळू शकतं, तेही कॉम्प्रेसर न लावता. ते पाणी दवबिंदूच्याही वर असतं, म्हणून त्याच्या नळीला घाम फुटत नाही.