ऊबेची चूल (बेळगाव सीमाभाग)

घरात ऊब आणि कोरडेपणा राहावा म्हणून लाकडावर पेटती ठेवलेली चूल, शेगडी किंवा आगटी. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस, विशेषतः खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा या बाजूच्या गावांत ती अजून वापरात आहे. निपाणी-चिकोडीकडे तिचे काम पौष-माघातल्या पहाटेपुरते. घाटमाथ्यावर मात्र तिचा खरा हंगाम मृगापासून दसऱ्यापर्यंतचा. थंडी तिथेही पडते, पण माणसाला जेरीस आणतो तो ओलावा. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबी परिसरात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. आमगाव तर कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडते. भिजलेली घोंगडी, तान्ह्या मुलांची दुपटी, माळ्यावरचे भात आणि उद्याचे जळण, सगळे चुलीच्याच धगीवर सुकते.

स्वयंपाकाची चूल व तिला जोडलेला वैल (चुलीच्याच धगीवर चालणारे बाजूचे तोंड), न्हाणीत पक्की बसवलेली हंड्याची चूल आणि पडवीतली आगटी ही तिची नेहमीची रूपे. दार आणि धुराडे असलेली लोखंडी बुखारी काश्मीरकडे नोकरी केलेल्या जवानांनी पाहिलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. तरी इथल्या घरांत ती फारशी दिसत नाही. मातीची चूल घरच्या घरी घालता येते, आणि कौलांच्या फटींतून ऊब तशीही निसटतेच.

पारंपरिक चुलीत जळणातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला लागते, असे म्हटले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ केंद्राने (स्थापना १९७४) विकसित केलेली ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) ही तीन तोंडांची, धुराड्याची चूल याहून कितीतरी काटकसरी होती. १९८० च्या दशकात सरकारी सुधारित चूल कार्यक्रमातून निर्धूर चुली देशभर गेल्या. पण हा हिशेब भांड्याचा आहे, घराचा नाही. भांड्याला न लागलेल्या धगीचा मोठा भाग पावसाळ्यात घर सुकवतो. धूर बाहेर काढणारी चूल त्याच्याबरोबर ही धगही बाहेर नेते. माळ्यावरचे बियाणे धुरी लागल्याने किडीपासून वाचते, हेही घरच्या बायकांना ठाऊक असते. हा उपयोग जमेस न धरता केलेली तुलना अपुरी आहे. अर्थात त्याच धुराने फुप्फुसाचे जुनाट विकार होतात, मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर भात-आमटी गॅसवर गेली तरी अनेक घरांत न्हाणीची चूल लाकडावरच राहिली.

चूल नीट चालण्याचे निम्मे श्रेय जळणाला. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते. ते २० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड जाळण्याजोगे होते. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड राहतो आणि न जळलेला धूर डांबरासारखा चिकटतो. म्हणून जळण होळीच्या सुमारास फोडून, मिरगाआधी खोपीत रचतात. टोकांना चिरा पडल्या, साल सुटली आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला, की वाळले. टोकातून फेस आला तर ते परत माळ्यावर. ऐन, किंजळ, जांभा या झाडांचा निखारा टिकतो. सावर भसाभस जळून जाते. काजूची टरफले पेटतात जोरात, पण त्यांतल्या तेलाचा धूर डोळे-घसा जाळतो. घरात ती नकोतच. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाल्यापासून तिथल्या लाकडावर निर्बंध आले. त्यामुळे बांधावरची झाडे, काजूची छाटणी आणि शेणी यांवरचा भार वाढला.

पेटवताना खाली थोडी राख राहू द्यावी, वर काटक्या-चिपाडे, मग ढलप्या. तोंड गच्च भरले की वारा कोंडतो आणि चूल नुसती धुमसते. पावसाळ्यात धुराडे गार असल्याने धूर उलटा घरात येतो. आधी त्याच्या तळाशी मूठभर वाळके गवत पेटवले की नळी तापते आणि ओढ लागते. नळीतली काजळी बांबूला काथ्याचा बोळा बांधून खरवडावी. चूल रोज पेटत असेल तर हे काम महिन्याला एकदा तरी हवे. निर्धूर चुली बंद पडण्यामागे तुंबलेली नळी हे मोठे कारण होते. काजळी साचली तर ती पेटून वाशांपर्यंत आग जाऊ शकते. चुलीच्या भेगा वारुळाची माती, शेण आणि भाताचा तूस मळून लिंपतात. मग दोन-तीन दिवस मंद जाळावर सुकवतात. एकदम धग दिली की लिंपण पुन्हा तडकते.

रात्री निखारे राखेत पुरले की सकाळी विस्तव मिळतो. मात्र निखाऱ्यांची शेगडी दारे-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत ठेवणे जिवावर बेतते: निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नसल्याने कुणी सावधही होत नाही. राख काढावी ती पत्र्याच्या घमेल्यात. आत दडलेले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात. थंड झालेली राख भांडी घासायला आणि परसातल्या भाजीला जाते.