स्क्रीनवरचा कचरा वाचायचा कसा

तळहातावर मावणारा रास्पबेरी पायसारखा संगणक हल्ली कलमांच्या बागेतल्या मांगरातही दिसतो. तापमान, आर्द्रता, पाऊस यांची नोंद ठेवणं, पंप सुरू-बंद करणं अशी कामं तो मुकाट्याने करतो. मग आगोटीला दिवसभर वीज जात-येत राहते आणि सकाळी तो वाय-फायवर सापडत नाही. त्याला ना स्क्रीन जोडलेली, ना कीबोर्ड. आत काय अडलंय हे विचारायला एकच वाट उरते, सिरीयल कन्सोल, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवत लॅपटॉपशी अक्षरांत बोलायची सोय.

तीन तारांचं काम आहे. बोलायची टीएक्स, ऐकायची आरएक्स आणि ग्राउंड. पायवर या पिना अनुक्रमे ८, १० आणि ६ क्रमांकाच्या. यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर, म्हणजे लॅपटॉपचा यूएसबी आणि या पिना यांच्यातला दुभाषी, लॅपटॉपला लावायचा आणि तारा तिरक्या जोडायच्या, एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. ग्राउंड मात्र ग्राउंडलाच. वाय-फाय जागं व्हायला ड्रायव्हर लागतात, मेमरी कार्डावरच्या फाइली धड असाव्या लागतात. या तारांना त्यातलं फारसं काही लागत नाही. त्यामुळे बूट, म्हणजे संगणक सुरू होण्याची क्रिया, अर्ध्यावर अडकलं तरी कुठे अडकलं ते इथे उमटतं.

उमटायला हवं, असं म्हणू. प्रत्यक्षात टर्मिनल, म्हणजे हे बोलणं दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी, कोरं राहतं, नाहीतर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि तुटक्या अक्षरांचा सडा पडतो. कचरा दिसला की बरेच जण वैतागून सगळ्या तारा उपटतात. मला तो दिसला की बरं वाटतं. बोर्डाला, म्हणजे त्या छोट्या संगणकाला, वीज मिळतेय, तो बोलतोय, आणि त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचतंय, एवढं एका नजरेत कळतं. बिघडलेलं असतं ते बहुधा वेळेचं गणित.

या जोडणीत घड्याळाची वेगळी तार नसते. गप्प असताना तार ३.३ व्होल्टवर असते. अक्षर पाठवायचं झालं की एका बिटापुरती ती शून्यावर येते, हा स्टार्ट बिट. मग अक्षराचे ८ बिट, आणि शेवटी स्टॉप बिटाला तार पुन्हा वर. भजनात पखवाज आणि झांज आपापल्या मात्रा मोजतात आणि समेवर पुन्हा एकत्र येतात, तसा हा व्यवहार. प्रत्येक अक्षराला नवी सम. सेकंदाला ११५२०० बिट या वेगाला एका बिटाच्या वाट्याला साधारण ८.७ मायक्रोसेकंद येतात. ऐकणारा प्रत्येक बिटाच्या मधोमध डोकावतो, म्हणजे दहावा बिट तो साडेनऊ मात्रांवर वाचतो. तोवर अर्ध्या मात्रेची चूक साठली की वाचन शेजारच्या बिटावर घसरतं. अर्धा भागिले साडेनऊ, सुमारे ५ टक्के. एवढीच मुभा, आणि तीही दोन्ही बाजूंना मिळून.

बोर्ड ११५२०० ने बोलतोय आणि टर्मिनल ९६०० वर आहे, तर ऐकणाऱ्याचा एक बिट होईतो बोलणाऱ्याचे बारा होऊन जातात. भराभर येणाऱ्या बूटच्या ओळींतून मोजकीच चिन्हं उमटतात. उलट लावलं तर एकेका अक्षराची अनेक भुतं दिसतात. रॉकचिप कंपनीच्या चिपवरचे बरेच बोर्ड १५००००० या वेगाने बोलतात, आणि सीपी२१०२ चिपचा कन्व्हर्टर १० लाखांपुढे जात नाही. अशा जोडीला कुठलंही सेटिंग लावा, कचराच येणार, आणि बोल बिचाऱ्या बोर्डाला.

रास्पबेरी पाय ३ या मॉडेलची गंमत आणखी वेगळी. तिथे चांगला यूएआरटी, म्हणजे हे सिरीयल बोलणं सांभाळणारा चिपमधला भाग, ब्लूटूथला दिलाय आणि कन्सोलच्या पदरी साधा मिनी यूएआरटी आलाय. त्याचा वेग चिपच्या कोअर घड्याळावर ठरतो, आणि ते घड्याळ कामाच्या भाराप्रमाणे २५० ते ४०० मेगाहर्ट्झ असं वरखाली होतं. मुभा ५ टक्क्यांची आणि फरक ६० टक्क्यांचा! कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी चालू करणारी ओळ घातली की हे घड्याळ २५० वर बांधलं जातं.

टर्मिनल साफ कोरं असेल तर आधी कन्व्हर्टर तपासा. तो बोर्डापासून सोडवून त्याच्याच टीएक्स आणि आरएक्स एकमेकींना जोडा. टाइप केलेलं परत दिसलं तर लॅपटॉपपासून इथवर सगळं ठीक. मग मल्टीमीटर बोर्डाच्या टीएक्सवर धरा. ३.३ च्या जवळपास आकडा हवा. शून्य असेल तर यूएआरटी बंद आहे, किंवा पिन चुकलीय. वाचता येतं पण टाइप केलेलं पोचत नाही, असं असेल तर मिनिकॉमसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममधला हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे पाठवण्याआधी वेगळ्या तारेवर होकाराची वाट बघणं, बंद करून बघा.

कन्व्हर्टरचा व्होल्टेज निवडायचा जंपर ५ व्होल्टवर असेल तर मात्र जोडण्याआधी थांबा. पायच्या पिना ३.३ च्याच आहेत. जुन्या संगणकांच्या आरएस-२३२ या सिरीयल पोर्टवर तर उणे १२ व्होल्टही येऊ शकतात, तिथून थेट तार आणली की पिन मेलीच समजा. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर कन्व्हर्टरची वीज देणारी लाल तार मोकळीच राहू द्या.

आता आपल्या खाऱ्या वाऱ्याकडे येऊ. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केही पुरतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात पिनांवरचा मिठाचा थर त्यामुळे सहसा सुकतच नाही. स्वस्त जंपर वायरची, म्हणजे जोडणीच्या सुट्या तारांची, कथिलाची टोकं आणि बोर्डाच्या सोनेरी पिना, मधे खारं पाणी, की गंज सुरू. गंजलेल्या जोडामुळे आलेला कचरा ओळखायची सोपी खूण आहे. बोर्ड दोनदा सुरू करा. दोन्ही वेळा कचरा जवळपास तसाच आला तर वेग चुकलाय. दर वेळी वेगळा आला, किंवा तार हलवली की बदलला, तर जोड खराब आहे, आणि त्यातही आधी ग्राउंडचा बघा.

पिना धुताना बोर्डाची वीज काढा, आणि सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतू नका, मीठ त्यात जवळपास विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने ब्रश करायचं, मग अल्कोहोलने पाणी घालवायचं आणि पूर्ण सुकवायचं. जंपर वायर धूत बसण्यापेक्षा नवीन घ्या.

यू-बूट, म्हणजे मुख्य सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या बोर्डांवर ओलाव्याचा आणखी एक चाळा दिसतो. सुरू होताना यू-बूट थोडे सेकंद कुठलीही कळ दाबली जाते का याची वाट बघतो. आरएक्सची तार बोर्डाला तशीच लोंबत राहिली तर ती अँटेनासारखी आसपासचा विद्युत गोंगाट पकडते, पिनांमधली गळती त्यात भर घालते, आणि यू-बूटला वाटतं कोणीतरी कळ दाबली. बूट तिथेच थांबतं आणि पुढच्या वीज जाण्या-येण्यानंतर बाग पुन्हा नेटवर्कवरून गायब होते. म्हणून काम झालं की तारा कन्व्हर्टरकडून सोडू नका, बोर्डाच्या पिनांवरून काढा.